फोर-टेनचं रिव्हॉल्व्हर: तीन मीटरच्या आतलं हत्यार

‘नेम धरायची गरजच नाही. समोर रोखायचं आणि चाप ओढायचा. छर्रे आपोआप पसरतात, एखादा तरी लागतोच.’

अमेरिकेत छऱ्यांचं काडतूस उडवणारं रिव्हॉल्व्हर विकलं जातं ते बहुतेक वेळा या समजुतीवर. टेक्सास किंवा ॲरिझोनात शहराबाहेर, मोकळ्या जमिनीवर घर घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींच्याही कानावर हा सल्ला पडतो. शेजारी सांगतो, अंगणात रॅटलस्नेकसारखे विषारी साप निघतात, रात्री-अपरात्री कोण दारात येईल सांगता येत नाही, एकच हत्यार घ्या, दोन्ही कामं होतील. ऐकायला अगदी पटतं. ज्याने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही त्याला तर जास्तच पटतं, कारण नेम चुकण्याची भीती त्यालाच सर्वांत जास्त असते.

या सल्ल्यातला सापाचा भाग बराचसा खरा आहे. माणसापासून बचावाचा भाग बराचसा खोटा आहे, आणि तो खोटा का आहे हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरून कळतं. ते नीट समजून घेणं महत्त्वाचं वाटतं, कारण इथे चुकीच्या भरवशाची किंमत जिवाने मोजावी लागते. कधी स्वतःच्या, कधी शेजारच्या घरात झोपलेल्या कुणाच्या तरी.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्रात पाच-सहा घरं असलेलं हातातलं शस्त्र. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं, घोडा काडतुसावर आपटतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात एकच गोळी असते. छऱ्यांच्या बंदुकीच्या काडतुसात मात्र शिशाचे बारीक दाणे भरलेले असतात. ही दोन कुळं एकत्र आणणारी अलीकडची सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे ब्राझीलच्या टॉरस कंपनीचं ‘जज’. मायामीतले काही न्यायाधीश स्वसंरक्षणासाठी हे रिव्हॉल्व्हर घेत असल्याचं कळल्यावर ते नाव दिलं, असं कंपनी सांगते. त्याच्या चक्रात पाच घरं असतात. २०११ मध्ये स्मिथ अँड वेसनने सहा घरांचं ‘गव्हर्नर’ आणलं. दोन्हींत फोर-टेन (.४१०) या मापाचं छऱ्यांचं काडतूसही बसतं आणि .४५ कोल्ट हे एकाच गोळीचं जुनं काडतूसही.

दोन वेगळ्या जातींची काडतुसं एकाच घरात कशी बसतात, हा योगायोग मजेशीर आहे. त्यासाठी ‘बोअर’ म्हणजे काय ते कळायला हवं. आपल्याकडे कोकणात, घाटावर बारा बोअरची बंदूक सर्वांना ठाऊक असते, पण बारा कशाचे हे फार थोड्यांना माहीत असतं. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शिसं घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणजे बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. फोर-टेन हा मात्र या हिशेबाला अपवाद. तिथे .४१० हा सरळ इंचातला व्यास आहे, साधारण १०.४ मिलिमीटर. जुन्या पद्धतीने मोजलं तर ती ६८ बोअरच्या जवळपास भरेल, इतकी ती लहान. .४५ कोल्टचं काडतूस १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्व्हरचं. त्याची जाडी आणि बुडाची कड फोर-टेनच्या काडतुसाशी इतकी जुळते की चक्राची घरं लांब केली की दोन्ही बसतात.

फोर-टेन हे नाव भारतालाही नवं नाही. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्या .३०३ एनफिल्ड रायफलींच्या नळ्या आतून कापून गुळगुळीत करत आणि त्यांचे एकबारी .४१० मस्केट बनवत. ते पोलीस आणि तुरुंगावरचे पहारेकरी वापरत. त्यांचं काडतूस .३०३ च्या पुंगळीवरून बेतलेलं, शिकारीच्या फोर-टेनपेक्षा वेगळं होतं. पण आकड्याची ओळख जुनी आहे, एवढं खरं.

गोळी आणि छर्रे एकाच हत्यारात कोंबण्याची हौसही जुनीच. न्यू ऑर्लिन्समधल्या जाँ अलेक्झांडर लमाने १८५६ मध्ये अशा रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. चक्रात गोळ्यांची नऊ घरं आणि चक्राच्या आसाच्या जागी छऱ्यांची एक जाड नळी. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या काही सेनाधिकाऱ्यांनी ते वापरलं. पुढे १९२० च्या दशकात इथाका कंपनीने वीस बोअरची आखूड, दुनळी हातबंदूक काढली. तिचं नावच ‘ऑटो अँड बर्गलर गन’, म्हणजे मोटारीतल्या प्रवाशासाठी आणि चोरापासून बचावासाठी. १९३४ साली ती बंद पडली, आणि ती का बंद पडली यातच आजच्या छऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं दडलेलं आहे.

१९३४ मध्ये अमेरिकेत नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. टोळीयुद्धांचा काळ होता. कोटाखाली लपवता येतील अशा कापलेल्या बंदुका सरकारला नको होत्या. आखूड, आतून गुळगुळीत नळीच्या आणि छर्रे उडवणाऱ्या हातबंदुकांवर नोंदणी आणि कर आला. ज्या वस्तूची किंमत त्याहून कितीतरी कमी होती तिच्यावर २०० डॉलरपर्यंतचा कर म्हणजे व्यवहारात बंदीच. पण नळीच्या आत पीळ असेल, तर कायद्याच्या नजरेत ते साधं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ठरतं. म्हणून ‘जज’च्या नळीला पीळ आहे. कॅलिफोर्नियाचा राज्य कायदा मात्र एवढ्यावर समाधानी नाही. तिथे हे रिव्हॉल्व्हर आखूड शॉटगनमध्ये मोजलं जातं आणि सामान्य माणसाला ते बाळगता येत नाही.

पीळ म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवर कोरलेले मळसूत्री चर. एकाच गोळीसाठी ते वरदान आहेत. चरांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. छऱ्यांसाठी हेच चर शाप ठरतात. पावसातून घरी आल्यावर ओली छत्री दांड्याभोवती गर्रकन फिरवली की काय होतं? थेंब चारी बाजूंना उडतात, आणि काठावरचे थेंब सर्वांत लांब. पिळाच्या नळीतून निघालेल्या छऱ्यांच्या गठ्ठ्याचं अगदी तेच होतं. नळीत असेपर्यंत भिंतींनी त्यांना धरून ठेवलेलं असतं. नळी संपली की फिरणारा प्रत्येक छर्रा आपापल्या दिशेने बाहेर सुटतो.

किती बाहेर, याचा हिशेब वहीच्या पाठकोऱ्या पानावर करता येतो. समजा नळीचा पीळ १२ इंचांत एक फेरी असा आहे. म्हणजे छऱ्यांचा गठ्ठा ३०५ मिलिमीटर पुढे जाईपर्यंत स्वतःभोवती एकदा फिरतो. मधल्या अक्षापासून ५ मिलिमीटरवर असलेला, म्हणजे अगदी काठावरचा छर्रा त्या एका फेरीत ५ गुणिले २ गुणिले ३.१४, म्हणजे ३१ मिलिमीटर आडवा जातो. ३०५ पुढे, ३१ आडवा. साधारण दहास एक. नळीतून सुटल्यावर हेच प्रमाण टिकतं. म्हणून दर मीटरला काठावरचा छर्रा दहा सेंटिमीटर बाहेर सरकतो. दोन मीटरवर ४० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, तीन मीटरवर ६० सेंटिमीटरचं, पाच मीटरवर एक मीटरचं. या हिशेबात वेग कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. काडतूस जोरदार घेतलं म्हणून पसारा कमी होत नाही. प्रत्यक्षात छऱ्यांभोवती प्लास्टिकची वाटी असते, चर उथळ असतात, गठ्ठा पूर्ण फिरत नाही, त्यामुळे पसारा या आकड्यांपेक्षा कमी निघतो. दिशा मात्र हीच. शिवाय फिरण्यामुळे दाणे काठाकडे जास्त फेकले जातात आणि मधोमध विरळ जागा राहते. मेदूवड्याच्या भोकासारखी. जिथे नेम धरला नेमकं तिथेच सर्वांत कमी दाणे.

आता दाण्यांकडे येऊ. छऱ्यांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तर दाणा बारीक. बारा नंबरचा छर्रा सव्वा मिलिमीटरचा, राजगिऱ्याएवढा. नऊ नंबरचा दोन मिलिमीटरचा, मोहरीएवढा. मोठ्या टोकाला अमेरिकेत ज्याला ट्रिपल-ऑट बकशॉट म्हणतात तो ९.१ मिलिमीटरचा, म्हणजे काबुली चण्याएवढा. आपल्याकडे रानडुकरासाठी बारा बोअरमध्ये ‘एलजी’ भरतात, तो दाणा याच मापाचा.

इथे एक गोष्ट मनावर ठसवायला हवी. गोलाचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. काबुली चण्याएवढा छर्रा मोहरीएवढ्या छऱ्याच्या साडेचार पट रुंद आहे, पण वजनाने सुमारे ९५ पट आहे. नऊ नंबरचा एक दाणा भरतो सुमारे ४८ मिलिग्रॅम. तीन इंची नळीतून फोर-टेनचे छर्रे सेकंदाला साधारण २१० ते २५० मीटर वेगाने निघतात. लांब नळीच्या बंदुकीतून तेच काडतूस ३६० च्या पुढे वेग देतं, कारण दारूच्या वायूला ढकलायला जास्त अंतर मिळतं. २३० मीटर वेग धरला तर त्या मोहरीत ऊर्जा किती? सव्वा ज्यूल. साध्या एअरगनच्या एका छऱ्यात याच्या कितीतरी पट असते. हवेत शिरताच हलका दाणा वेगही पटापट गमावतो. काबुली चण्याएवढा दाणा याच वेगात १२० ज्यूलच्या आसपास ऊर्जा बाळगतो. आणि .४५ कोल्टची एक १६ ग्रॅमची गोळी त्याच नळीतून ४०० ज्यूलच्या आसपास.

लोक काडतुसाची एकूण ऊर्जा बघतात आणि फसतात. अर्ध्या औंसाच्या, म्हणजे साधारण १४ ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसात नऊ नंबरचे जवळजवळ २९० दाणे बसतात, सगळे मिळून ऊर्जा भरपूर. पण शरीरात शिरतो तो एकेक दाणा, आपापल्या एकट्याच्या ताकदीने. तीनशे माणसांनी एकेक बोट लावलं म्हणून खिळा भिंतीत जात नाही.

म्हणून माणसाच्या प्रश्नाकडे जाताना आधी विचारायचं, हल्ला थांबतो कशाने? वेदना होऊन थांबेल, आवाजाने घाबरून थांबेल, ही आशा झाली, आणि बरेच हल्लेखोर खरोखर बंदूक पाहूनच पळतात. पण शस्त्र घ्यायचं ते न पळणाऱ्यासाठी. नशेत किंवा त्वेषात असलेल्या माणसाचं शरीर थांबवायचं तर गोळी हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, मज्जासंस्था इथपर्यंत पोचावी लागते, आणि हे अवयव हाडामांसाच्या आत, कधी आडव्या आलेल्या दंडाच्या पलीकडे असतात. अमेरिकेच्या एफबीआयला हा धडा फार महागात मिळाला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत त्यांचे दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्या घटनेनंतर एफबीआयने जी कसोटी ठरवली तिच्यात मांसासारख्या घट्ट जिलेटीनमध्ये गोळी १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर जावी अशी अपेक्षा आहे.

या रिव्हॉल्व्हरमधून निघालेले पक्ष्यांसाठीचे बारीक छर्रे अशा जिलेटीनमध्ये काही इंचांतच थांबतात. कातडी फाटेल, रक्त येईल, डोळ्यात गेला तर डोळा जाईल. भयानक जखम होईल आणि तरीही समोरचा माणूस चाल करून येऊ शकेल. ‘तोंडावर मारायचं, आंधळा होईल’ असंही सांगितलं जातं. हा सल्ला मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. एक तर धावत्या माणसाच्या तोंडावर नेम धरता येत असेल तर छर्रे कशाला हवेत? दुसरं म्हणजे कायदा छऱ्याचा नंबर विचारत नाही. अमेरिकेत माणसावर छर्रे झाडणं हे प्राणघातक बळ वापरणंच मानलं जातं. म्हणजे ‘जीव खरंच धोक्यात होता का’ याची चौकशी तुमच्या मागे, आणि हातात मात्र जीव वाचवायला अपुरं हत्यार.

मोठ्या दाण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. बकशॉटच्या फोर-टेन काडतुसात आखूड-लांबीप्रमाणे तीन ते पाच दाणे एकामागे एक रचलेले असतात. ते पुरेसे खोल जातात आणि खोलीच्या अंतरावर फार फाकतही नाहीत. काही कंपन्यांनी खास या रिव्हॉल्व्हरसाठी चकत्या आणि छर्रे एकत्र भरलेली, किंवा एक गोळी आणि दोन गोल दाणे भरलेली काडतुसंही काढली आहेत. ती बारीक छऱ्यांपेक्षा निश्चित बरी. पण मग ‘नेम नको’ हे आश्वासन कुठे राहिलं? हातभर पसरणारे बारीक दाणे थांबवत नाहीत, आणि थांबवणारे मोठे दाणे सात-आठ सेंटिमीटरच्या घोळक्यात जात असतील तर नेम धरावाच लागतो. आणि नेम धरायचाच असेल तर साधं .३८ चं रिव्हॉल्व्हर हलकं, लहान, सोपं आणि जास्त अचूक आहे.

अचूकतेचा मुद्दा .४५ कोल्टच्या गोळीलाही लागतो. फोर-टेनचं लांब काडतूस बसावं म्हणून चक्राचं घर अडीच-तीन इंच लांब केलेलं असतं. .४५ ची आखूड पुंगळी त्या घराच्या बुडाशी बसते, आणि सुटलेल्या गोळीला पीळ पकडेपर्यंत बराच रिकामा बोगदा ओलांडावा लागतो. ती थोडी डगमगते. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायूही निसटतो. खोलीभर अंतरावर याने फारसं बिघडत नाही, पण त्याहून लांब साध्या रिव्हॉल्व्हरशी तुलना केली की फरक दिसतो.

न लागलेल्या दाण्यांचं काय होतं, हे तर विक्रेता बोलतच नाही. नळीतून सुटलेला प्रत्येक दाणा कुठेतरी जाऊन थांबतोच. आपण दार उघडून व्हरांड्यात झाडलेल्या काडतुसाचे निम्मे दाणे चोराच्या बाजूने निघून गेले, तर ते रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या कुणाच्या डोळ्यात जाऊ शकतात. बकशॉटचा चुकलेला दाणा घरातली जिप्समची पातळ भिंत सहज पार करतो. पलीकडच्या खोलीत मुलं झोपलेली असतात. बंद खोलीत आखूड नळीच्या धमाक्याचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि १४० च्या वर एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. हेही हल्ल्याच्या त्या काही सेकंदांच्या हिशेबात धरायला हवं.

आता सापाकडे. इथे वर सांगितलेली प्रत्येक कमतरता उलटून गुण बनते. रॅटलस्नेकचं डोकं अरुंद, कवटी नाजूक, मणका बारीक. दोन-चार सेंटिमीटर शिरणारा छर्रा पुरतो. साप जमिनीवर असतो, म्हणजे नळी खाली झुकलेली आणि मागे माती. चुकलेले दाणे मातीत जातात. आणि एका गोळीने सापाचं हलतं डोकं टिपणं सराईतालाही अवघड, तिथे पसारा खरंच मदत करतो. फक्त अंतराचं भान हवं. आपला मघाचा हिशेब पुढे नेऊ. २९० दाणे दोन मीटरवर ४० सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरले, तर दर चार-साडेचार चौरस सेंटिमीटरला एक दाणा पडतो. सापाच्या डोक्यावर तीन-चार दाणे बसतील. तीन मीटरवर दहा चौरस सेंटिमीटरला एक. पाच मीटरवर २७ चौरस सेंटिमीटरला एक, म्हणजे डोकं मधून निसटू शकतं आणि जखमी, चिडलेला साप लाकडाच्या ढिगाखाली जातो. ही सगळी मापं कागदावरच्या हिशेबाची, पण नियम सगळीकडे तोच. दोन-तीन मीटर ही या हत्याराची खरी जागा.

यासाठी जजच हवं असंही नाही. साध्या .३८ किंवा .२२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसणारी छऱ्यांची काडतुसं मिळतात. आयडाहोतल्या लुइस्टनची सीसीआय कंपनी ती बनवते. .३८ मध्ये प्लास्टिकच्या कुपीत साधारण साडेसहा ग्रॅम नऊ नंबरचे छर्रे, .२२ मध्ये दोन ग्रॅम बारा नंबरचे. शेतावर काम करणारे लोक चक्राच्या पहिल्या एक-दोन घरांत अशी काडतुसं ठेवतात आणि उरलेल्यांत गोळ्या. ज्याच्याकडे आधीच रिव्हॉल्व्हर आहे त्याला हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग.

पण झाडायचं की नाही हा प्रश्न त्याच्याही आधी येतो. रॅटलस्नेक साधारण आपल्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंतच झेप घेतो. एक मीटरचा साप सहसा अर्ध्या मीटरच्या फारसा पलीकडे पोचत नाही. बार टाकायला तुम्ही दोन मीटरवर उभे आहात, म्हणजे तुम्ही आधीच सुरक्षित आहात. दोन पावलं मागे गेलं की प्रसंग संपतो. अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि साधारण पाच मरतात, आणि चावणाऱ्यांतले बरेच साप असे असतात ज्यांना कुणी मारायला किंवा पकडायला गेलेलं असतं. मारल्यावरही धोका जात नाही. तुटलेलं डोकंसुद्धा बऱ्याच वेळानंतर चावू शकतं. पाळण्यात मूल आहे, साप घराच्या पायरीवर आहे आणि सर्पमित्र तासाभराच्या वाटेवर आहे, तेव्हा बार टाकणाऱ्याला मी दोष देणार नाही. झुडपाकडे निघालेल्या सापावर टाकणाऱ्याला देईन. अमेरिकेच्या काही राज्यांत टिंबर रॅटलस्नेक ही जात संरक्षित आहे, म्हणजे कुठला साप आहे हेही कळायला हवं. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये १९९९ साली आकाशात कुणीतरी झाडलेली गोळी अंगणात उभ्या असलेल्या १४ वर्षांच्या मुलीला लागून ती गेली. तिच्या नावाने झालेला ‘शॅनन लॉ’ शहराच्या हद्दीत बेफिकिरीने गोळी झाडणं गंभीर गुन्हा ठरवतो. शिवाय फरशी, दगड, काँक्रीट यांच्यावरून बारीक छर्रे उलटून येतात. डोळ्यांवर चष्मा नसेल तर बार नको.

उंदीर-घुशींसाठी धान्याच्या कोठारात .२२ चे बारीक छर्रे चालतात. पत्र्याचं छप्पर त्याने फुटत नाही, हाच त्यांचा मोठा उपयोग. ब्रिटनमध्ये याच कामासाठी नऊ मिलिमीटरच्या लहान ‘गार्डन गन’ असत. तरी उंदरांची संख्या बंदुकीने आटोक्यात येत नाही, ती येते भोकं बुजवून आणि धान्य झाकून. टेक्सासच्या रानडुकरांवर मात्र हे रिव्हॉल्व्हर अजिबात नको. जाड कातडीत अडकलेल्या छऱ्यांनी जनावर आठवडाभर कुजत मरतं. स्कंक किंवा रकून असा तिकडचा छोटा रानप्राणी दिवसाढवळ्या झिंगल्यासारखा फिरताना दिसला तर रेबीजची शंका घ्यावी, आणि अशा वेळी डोक्यावर बार टाकू नये, कारण तपासणी मेंदूचीच होते.

महाराष्ट्रात ही चर्चा वेगळ्या वळणाने जाते. शेतीसंरक्षणाचा परवाना घेऊन ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक बाळगणारे शेतकरी कोकणात आहेत. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. हातातलं रिव्हॉल्व्हर हा वेगळाच विषय, त्यासाठीही १९५९ च्या शस्त्र कायद्याचा, पण वेगळा परवाना लागतो. आणि सापावर बंदूक हा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग आणि घोणस दोघांनाही संरक्षण आहे. आपल्याकडचा सर्पदंशाचा आकडा अमेरिकेच्या तुलनेत काळीज हलवणारा आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक दगावले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यातल्या बऱ्याच जणांना शेतात किंवा अंधारात, अनवाणी चालताना साप चावलेला. त्या क्षणी कुठलंच हत्यार उपयोगी नसतं. विजेरी, बूट, रात्री जमिनीवर न झोपणं आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यापर्यंतची गाडी, एवढंच उपयोगी असतं.

ज्यांनी अमेरिकेत असं रिव्हॉल्व्हर घेतलंच आहे त्यांना एक काम सांगतो. मैदानी नेमबाजीच्या जागी जा, कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा लावा. वर्तमानपत्राची पूर्ण उघडलेली पानं पुठ्ठ्यावर चिकटवून दोन, तीन, पाच आणि सात मीटरवर उभी करा. प्रत्येकाच्या मध्यावर स्केचपेनने मुठीएवढं वर्तुळ काढा. प्रत्येक पानावर एकच बार टाका, ज्या काडतुसाच्या भरवशावर तुम्ही राहणार आहात त्याच काडतुसाचा. मग ती पानं उतरवून एकाशेजारी एक जमिनीवर मांडा आणि मुठीएवढ्या वर्तुळातली भोकं मोजा. दोन मीटरच्या पानावर ती मोजता मोजता चुकायला होईल. सातव्या मीटरच्या पानावर वर्तुळाच्या आतली बातमी बहुधा अजून वाचता येईल.